येवल्यापुढची मोगलाई

मध्यंतरी एका रविवारी माझ्यावर झालेल्या अन्यायाची कुठेतरी नोंद राहावी म्हणून हे लिहितो आहे. नाशिकच्या माणसाला रविवारी सकाळी मिसळीविना शहराबाहेर काढणं सुसंस्कृत समाजात घडू नये. ते घडलं. ताटलीत मटकी पडली होती, रस्सा पातेल्यातून निघाला होता, आणि निफाडहून नानाचा, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाचा, फोन आला. "निघालास का? मोगलाईत जायचंय, उशीर नको."

मोगलाई म्हणजे वैजापूरकडचं एक गाव. नानाच्या रोहनला तिथली कोमल पसंत होती. दोघं नाशिकमधल्या अंबडच्या एकाच कारखान्यात आहेत आणि पसंतीचं काम त्यांनी आपापसात उरकलं होतं. उरला होता नानाचा होकार आणि गाडी चालवायला कोणीतरी.

जाणाऱ्यांसाठी रस्ता सांगतो : नाशिक, निफाड, विंचूर, येवला आणि सरळ पुढे. तीन तास धरा. शेजारी नाना असेल तर चार, कारण वाटेतल्या प्रत्येक द्राक्षबागेच्या मालकाचं कुठे चुकलं हे तो गाडी थांबवून सांगतो. विंचूरला भजी बरी मिळतात, चहासकट चौघांचे दोनशे पुरतात. येवल्यात पैठणीच्या दुकानांसमोर वेग कमी करू नये. मी केला, आणि मागे रोहनशेजारी बसलेल्या वहिनींच्या उसाशाने काच धुरकट झाली.

येवला मागे पडून जिल्ह्याची हद्द आली तशी नानाने काच वर केली.

"आली मोगलाई."

मी बाहेर पाहिलं. अलीकडे कांद्याच्या चाळी होत्या, पलीकडेही कांद्याच्या चाळी. अलीकडच्या फलकावर वाढदिवसाचा जो भावी नेता हात जोडून उभा होता, त्याचाच जुळा शोभावा असा एक पलीकडे उभा होता. फरक एवढाच, की नानाच्या मोबाइलला इथे रेंज जास्त होती.

या शब्दाचं मला कौतुक वाटतं. निजाम हा मुळात मोगलांचा सुभेदार, म्हणून त्याचा मुलूख, वैजापूरसकट सगळा मराठवाडा, ती मोगलाई. दिल्लीचे मोगल गेले, निजाम गेला, मधली हद्द गेली. शब्द मात्र नानाच्या घरात भाडं न देता राहतोय. रोहनने चपला दारात टाकल्या की "मोगलाई लागून गेली काय?" सरकारी कचेरीत साहेब जागेवर नसला की "सगळी मोगलाई!" आणि हाच नाना महामार्गावरच्या ढाब्यात बसला की मान मागे टाकून ओरडतो, "एक चिकन मुघलाई, काजू जास्त!" बादशहा ताटात चालतो, सून त्याच्या मुलखातली चालत नाही.

कोमलच्या घरी पोहे आले. नानाने दोनदा घेतले, आणि ढेकर देऊन पाहुणचाराची परतफेड केली.

"मग, तुमच्या मोगलाईत पाऊस कसा काय?"

कोमलची आजी खाटेवर बसून सगळं ऐकत होती. कोमलला लहानपणापासून तिनेच वाढवलेलं. ती म्हणाली, "बरा हाय. तुमच्या इंग्रजीत कसा?"

"इंग्रजीत?"

"तुमचा मुलूख इंग्रजांचा व्हता ना? आमच्यात तिकडं पोरी देत नव्हते. एक माझी आत्या तेवढी दिलेली. म्हायेरचं मानूस दारात आलं की पाणी द्यायच्या आदी सासू इचारायची, परत कवा निघनार? लय घड्याळवाली मान्सं, बाबा."

नानाला आयुष्यात प्रथमच कोणी इंग्रज म्हटलं होतं. त्याने नकळत मनगट पाहिलं आणि घड्याळ बाहीखाली लपवलं. वहिनींना खोकला आला. तो बराच वेळ थांबेना.

मी हात धुवायला मागे गेलो तेव्हा कोमल तांब्या घेऊन आली.

"काका, नाना हो म्हणतील?"

"नाही म्हणाले तर?"

"पळून जाणार नाही आम्ही. मला आजीच्या समोर लग्न करायचंय. तिला दम लागतो हल्ली. फार थांबता येणार नाही."

निघताना नाना म्हणाला, "कळवतो." लग्नाच्या बाजारात या शब्दाचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. आजीला कळला. तिने शेंगदाण्याच्या लाडवांचा स्टीलचा डबा माझ्या हातात ठेवला.

"रिकामा डबा आमी माघारी घेत नाय. भरून आला तर समजू, पोरगी तिकडं चालली. नाय आला तर डबा तुमचाच."

परतीत नानाने येवल्याआधीच तीन लाडू संपवले. निफाडला उतरताना डबा सीटवरच सोडला. "तुझ्याकडेच राहू दे." वहिनींनी आधी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

आठवडा गेला. या सहलीतून माझ्याकडे काय उरलं, तर घासून ठेवलेला डबा आणि रोज संध्याकाळी दारात येऊन काही न विचारता उभा राहणारा रोहन. शेवटी मीच फोन लावला.

"नाना, अडचण काय आहे?"

"मुलगी सोन्यासारखी आहे रे. पण भावकी काय म्हणेल? मोगलाईतली केली."

"भावकी म्हणजे कोण?"

"कोण म्हणजे... तू, मी."

"मी काही म्हणत नाही."



"मग मी एकटाच काय म्हणणार," नाना पुटपुटला आणि फोन ठेवला.

इंग्रजी मुलखातून याहून स्पष्ट होकार येत नसतो. वहिनींनी दिवाळीला दिलेले नानाच्याच बागेतले बेदाणे घरात होते. डबा काठोकाठ भरला, झाकण दाबून बसवलं. दुपारी पाळी सुटायच्या वेळी अंबडला गेलो आणि फाटकाबाहेर कोमलला गाठलं.

"आजीचा डबा राहिला होता," म्हणालो.

तिने झाकण उघडलं नाही. दोन्ही हातांत धरून नुसता तोलून पाहिला.