न झालेला सराव

दवाखान्यात आईच्या हातात सुई टोचायला आलेल्या बाई तिची शीर पुन्हा पुन्हा चाचपत होत्या. त्यांनी मान वर केली आणि मी ओळखलं. त्या सुनंदाताई. आमच्या प्रशिक्षण केंद्रात त्यांनी चाळिशीनंतर रुग्णसेवेचा अभ्यासक्रम केला होता. त्यांच्या प्रमाणपत्रावर सही माझी होती.

त्यांच्या तुकडीचा सुई टोचण्याचा सराव झालाच नव्हता. हा सराव नोकरी देणारा दवाखाना करून घेईल, असं आम्ही समजलो. केंद्राने करून घेतला असेल, असं दवाखाना समजला असणार. एकमेकांना विचारलं मात्र कुणीच नाही. सही करताना मला फक्त कागद दिसायचा. त्यापलीकडे कुणाची तरी शीर असते, हे कधी मनातही आलं नव्हतं. आता समोर आईची निळसर, बारीक शीर होती.

थांबा म्हणायला मी पुढे झालो.

त्यांनीच सुई खाली ठेवली. "सर, मला हे येत नाही. रोज दुसऱ्या कुणाला तरी पुढे करते. आज कुणी नाही."

"मग सांगितलं का नाहीत?"

"प्रमाणपत्र कसं मिळालं, असं विचारतील. तुमचं नाव कसं सांगू?"

आई आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होती. "आलोच," मी तिला म्हणालो.

मी सुनंदाताईंबरोबर सगळं सांगायला मोठ्या सिस्टरांच्या खोलीपर्यंत गेलो. दार वाजवायला दोघांपैकी कुणाचाच हात पुढे होईना. शेवटी मी वाजवलं.