बाजाराला नेलेली गोधडी

जव्हारहून सूर्यमाळेला उन्हाळ्यात कुणी हौसेनं जात नाही. हवा खायला म्हणून लोक जव्हारला येतात, आणि जव्हारचे लोक दुपारी दार लावून पडून राहतात. मी मात्र चैत्र संपता संपता निघालो, तेही बहिणीला बरोबर घेऊन. शेजारी विचारायला लागले तेव्हा सांगितलं, खोडाळ्याचा बाजार बघायला चाललोय. बहिणीलाही तेच सांगितलं. ते खोटं होतं. खरं कारण आज लिहितो, कारण तुमच्यापैकी कुणाच्या माजघरातही अशी एखादी बहीण, एखादा भाऊ असेल, आणि हीच वाट तुम्हालाही विचारावी लागेल.

यमू माझ्याहून तीन वर्षांनी धाकटी, म्हणजे तिशी ओलांडलेली. पण तिची समज सहा-सात वर्षांच्या पोरीएवढीच राहिली. बोलते थोडं, मोजते पाचापर्यंत, आणि अनोळखी माणूस दिसला की माझ्या उपरण्याचं टोक धरते. गेल्या श्रावणात आई गेली. तेव्हापासून मी संस्थानच्या मोजणी खात्यात जाताना यमूच्या खोलीला बाहेरून कडी घालत असे. ती कडी मीच सुताराकडून बसवून घेतली होती. आता मला मध्यप्रांतात रेल्वेच्या मोजणीवर नवी नोकरी मिळाली होती. मृगाच्या आधी रुजू व्हायचं आणि पुढे वर्षानुवर्षं तंबूत राहायचं. माझ्या पायाला लहानपणापासून भिंगरी, अशी नोकरी म्हणजे पर्वणीच. पण यमूला तंबूत कसं ठेवणार?

आमच्या खात्यातल्या एका शिपायानं सांगितलं, "सूर्यमाळेला ठकूबाय म्हणून हाय. आसली मान्सं तिच्या घरात ऱ्हातात." अशी म्हणजे कशी, ते मी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

यमूची एक सवय आधीच सांगून ठेवतो. घरातल्या वहाणा ती जोडीनं लावते. जो घरात राहणार त्याच्या वहाणांची तोंडं आत, जो जाणार त्याची बाहेर. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. आईच्या वहाणा नेहमी आत असायच्या, माझ्या नेहमी बाहेर. मी दमून घरी येऊन टेकलो की ती निमूट येऊन माझा जोड उंबऱ्याकडे वळवून जायची. आई म्हणायची, पोरीनं तुला बरोबर ओळखलंय.

पहिला दिवस: जव्हार ते मोखाडा

साखरशेतच्या लहानूची बैलगाडी ठरवली. भाडं जाऊन येऊन, वैरण आपली. जाणाऱ्यांनी एवढं करावं, की उजाडण्याआधी निघावं आणि दोन घागरी पाणी गाडीत ठेवावं. वाटेतली नदी सापडते, पण तिच्यात पाणी सापडत नाही. संस्थानची हद्द संपते त्या नाक्यावर शिपायानं गाडीत डोकावून बघितलं. पेटी, पिठाचं गाठोडं आणि यमूची गोधडी.

"बाजाराला निघालाव?" तो म्हणाला.

"हो," मी म्हणालो, आणि लहानूला बैल हाकायची घाई केली.

पुढे इंग्रजी मुलूख सुरू होतो. डोंगर तेच, धूळ तीच. ठिकठिकाणी राब भाजलेले काळे चौकोन दिसतात. पालापाचोळा आणि शेण पसरून जमीन जाळून ठेवतात, पावसाळ्यात त्यातच भाताचं आणि नागलीचं रोप टाकतात. मोहाची फुलं वेचायला बायका झाडांखाली वाकलेल्या होत्या. यमूनं प्रत्येकीला हात केला. प्रत्येकीनं परत केला. मला मात्र गाडीत बसवेना. खाली उतरून पुढे चालायचो, मैलभर जाऊन परत यायचो. लहानू हसला.

"दादा, तू दोनदा वाट चालतंस. भाडं एकदाच देनार का?"

इकडे सगळ्यांना तूच म्हणतात, मामलेदारालाही. पहिल्यांदा झोंबतं, मग बरं वाटायला लागतं.

मोखाड्याच्या धर्मशाळेत मुक्काम केला. यमूनं दोघांच्याही वहाणा ओळीनं लावल्या, तोंडं बाहेर. ती आईच्याच जुन्या वहाणा घालते.

"घरी कधी?" तिनं विचारलं.

"उद्या," मी म्हणालो.

दुसरा दिवस: खोडाळा, आणि वर

खोडाळ्याचा बाजार खरंच भरला होता, तेवढाच माझ्या खोट्याला टेका. सुकट, मिठाच्या राशी, मडकी, काचेच्या बांगड्या. यमूला हिरव्या बांगड्या घेतल्या. ती इतकी खूश झाली की मला तिथं उभं राहवेना. दुपारी लहानूला खोडाळ्यातच थांबायला सांगितलं, पेटी आणि गोधडी डोक्यावर घेणारा एक गडी केला आणि चढायला लागलो. वर गाडी जात नाही. वाट रानातून आहे, सावली बरी आहे, पण अर्ध्या चढावर पाण्याचं नाव नाही. आम्ही पोचलो तेव्हा उन्हं कलली होती.

माझा बेत तुम्हाला सांगायला हवा. यमू झोपली की पहाटे उठायचं आणि निघून यायचं. असंच करतात, असं मला दोन-तीन शहाण्या माणसांनी सांगितलं होतं. रडारड होत नाही म्हणे.

ठकूबाय साठीच्या आसपासची, काटक, कपाळभर गोंदलेली. कुडाचं लांब घर, शेणानं सारवलेलं. घरात तिचा मुलगा भिवा, चाळिशीचा, एकच शब्द दिवसभर बोलणारा. आणि आणखी तिघं, वेगवेगळ्या पाड्यांवरून आणलेली. कुणी मुकं, कुणी फेफरं येणारं. मी सगळ्यात आधी दार बघितलं. दाराला कडी नव्हती. बाहेरून नव्हती, आतूनही नव्हती.

"ही काय करते?" ठकूबायनं विचारलं.

मी घरून तयारीच करून आलो होतो. म्हणालो, "चुलीपाशी जाऊ देऊ नका. विहिरीपाशी नको. विळी नको. एकटी सोडू नका. उन्हात–"

"मी काय नाय करत ते नाय इचारलं. करते काय?"

 तीस वर्षं एका घरात राहून मला उत्तर आलं नाही, याची लाज मला त्या अंगणात वाटली, आणि ती अजून उतरलेली नाही. शेवटी म्हणालो, "वहाणा लावते."

ठकूबायनं अंगणात नजर फिरवली. आख्ख्या पाड्यात पायात घालणारे आम्ही दोघंच होतो. ती खदखदून हसली, मग यमूही हसली.

"तीन दिस ऱ्हा," ठकूबाय मला म्हणाली. "जो मानूस आनतो त्यानं तीन दिस अठंच ऱ्हायचं, खायचं, आमच्यासंगं काम करायचं. मग तिला इचारायचं, मी इचारनार. ती नाय बोलली, तं घेऊन जायचं. आन झोपेत टाकून कोन गेला, तं पाड्याची मान्सं त्याला खोडाळ्यातून धरून आनतात. दोघांना आनलाय."

माझा पहाटेचा बेत तिथंच मोडला. रात्री नागलीची भाकर, उडदाची आमटी आणि ठेचा. यमूनं उंबऱ्याशी दोन जोड लावले, तोंडं बाहेर.

झऱ्यावर

सूर्यमाळेला उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी हे समजून घ्यावं. पाणी एका कपारीतल्या झऱ्याला, आणि तो झरा म्हणजे परातीएवढा खळगा. थेंब थेंब पाझरून भरला की करवंटीनं हळूच उपसायचं आणि मडक्यात ओतायचं. एक मडकं भरायला माझी सबंध चिलीम ओढून होते. आख्ख्या पाड्याची मडकी तिथं ओळीनं मांडलेली. बायका मडकी ठेवून रानात जातात. झऱ्यावर बसतात ती ठकूबायच्या घरची माणसं. ओळ मोडू देत नाहीत, थेंब सांडू देत नाहीत, आणि कुणी गोड बोलून आपलं मडकं पुढे सरकवायला आलं तर भिवा त्याचा एकुलता एक शब्द म्हणतो. तो शब्द म्हणजे "मागं". त्या बदल्यात पाडा या घराला नागली, सरपण, लुगडी पुरवतो. उपकार नव्हे. पाण्यावर बसणारी माणसं दुसरी नाहीत, कारण इतका वेळ शांत कुणाला बसवतं?

मला तर मुळीच बसवेना. पहिल्या सकाळी मी सहा मडकी भरेपर्यंत टेकडी तीनदा चढलो. दुसऱ्या सकाळी मोजणीदाराची अक्कल जागी झाली. खळगा लहान आहे म्हणून वेळ लागतो, मोठा केला की झालं! भिवा पलीकडे होता. मी पहार आणली आणि कपारीत दोन घाव घातले. पाणी आलं ते लाल चिखलाचं. आणखी एक घाव घातला, तेव्हा पाझरायचंही थांबलं.

बायका जमल्या. एकीनं मला जे ऐकवलं त्यातलं निम्मं मला कळलं नाही, आणि कळलं ते छापता येणार नाही. ठकूबाय आली, खळग्यात बघितलं, पहार माझ्या हातातून काढून घेतली.

"पानी घाई केल्यानं येत नाय, दादा. आता कोनी हात घालू नको. बसा."

कुणी बसेना. ऊन चढत होतं, पोरं तहानलेली, आणि जो तो आपलं मडकं उचलून दुसरीकडे पाणी शोधायला निघाला. ओळ मोडली. मीही अपराध्यासारखा खालच्या ओढ्यात एक डबकं तरी सापडतं का ते धुंडाळत फिरलो. नाही सापडलं.

दुपार टळल्यावर परत आलो तेव्हा यमू झऱ्याशी बसली होती. शेजारी भिवा. ती सकाळपासून झरा सोडून गेलीच नव्हती, असं ठकूबाय म्हणाली. चिखल खाली बसला होता, पाणी नितळलं होतं, आणि यमू करवंटी टेकवून, तळ न हलवता, एक एक घोट वर घेत होती. तिचा ओठ दाताखाली होता. तिच्यामागे मडक्यांची ओळ होती, सकाळची होती तशीच. पाणी न मिळता परतलेल्या बायका हिरमुसून मडकी झऱ्याभोवती कुठंकुठं टाकून गेल्या होत्या. यमूनं ती गोळा केली होती. कुणाचं काठाला तुटलेलं, कुणाचं गळ्याला चिंधी बांधलेलं, कुणाचं एका अंगानं काळं. दोन सकाळी बघून तिला कुठलं कुणाच्या मागं ते ठाऊक झालं होतं. एक बाई आपलं मडकं पुढे सारायला आली.

"मागं," यमू म्हणाली. भिवा एवढा हसला की त्याला ठसका लागला.

मला रडू आलं. माझ्या बहिणीला कडीआड ठेवून मी रोज सकाळी जगाची जमीन मोजायला जात होतो.

ठकूबायकडचा तिसरा दिवस

सकाळी आंबील पिऊन झाल्यावर ठकूबायनं सगळ्यांना ओटीवर बसवलं.

"आधी तू सांग तिला, कशाला आनलीस ती," मला म्हणाली. "खोटं बोलून आनलेलं मानूस मी ठेवत नाय."

मी उठलो, अंगणात एक फेरी मारली, परत आलो. मग यमूपुढे बसलो. सांगितलं, की मला दूर जायचंय, तंबूत राहायचंय, तुला नेता येणार नाही. बाजार म्हणून आणलं ते खोटं. तू नको म्हणालीस तर आपण दोघं आज परत जाऊ.

यमू बांगड्या फिरवत होती. मान वर न करता म्हणाली, "बाजाराला गोधडी कशाला?"

म्हणजे जव्हारहून निघतानाच तिला कळलं होतं. चैत्राच्या उकाड्यात मी गोधडी बांधली, आणि ती दोन दिवस माझ्या शेजारी बसून "घरी कधी" विचारत राहिली, मी खरं बोलतो का ते बघायला. की तिलाही ते खोटंच हवं होतं?

"ऱ्हाशील, बाय?" ठकूबायनं विचारलं.

यमू उठून उंबऱ्याशी गेली. आईच्या वहाणा उचलून आत आणल्या, कुडाच्या भिंतीशी ठेवल्या, तोंडं आत. मग माझा जोड नीट केला. तो बाहेरच होता. तरी तिनं तो पुन्हा बोटांनी सरळ केला, आणि करवंटी घेऊन भिवाच्या मागं झऱ्याकडे गेली.

परत

उतरायला निम्माच वेळ लागतो. खोडाळ्याला लहानूनं गाडीत मागं बघितलं, आणि मोखाड्यापर्यंत मलाच बैल हाकू दिले. एवढ्या वाटेत मी एकदाही खाली उतरलो नाही.

घरी आल्यावर आधी ती कडी उपटून काढली. दारावर भोकं राहिली आहेत, ती मेणानं भरली तरी दिसतात. वहाणा दाराशी कशाही पडतात. मी त्या सरळ करायला वाकतो आणि कुठल्या तोंडानं लावाव्यात ते कळत नाही. लोक विचारतात, बरं झालं ना, सोय लागली? सोय लागली. ती कडीविना घरात आहे, तिला काम आहे, कुणी तिला येडी म्हणत नाही. पण तिनं राहायचं ठरवलं, की दादाला जायचं आहे हे ओळखून त्याला वाट करून दिली? हा प्रश्न मला रात्रंदिवस कुरतडतो, आणि त्याचं उत्तर चालून चालून मिळणार नाही एवढं मला झऱ्यावर कळलं आहे.

मृगाला अजून महिना आहे. लहानूला परवा पहाटेचं सांगितलं आहे. या खेपेला गाडीत पेटी नाही, पीठ आहे, ठकूबायसाठी मीठ आहे, आणि एक गोधडी आहे. माझी.