मामाचा आर्मेनिया

अख्ख्या बालाघाट जिल्ह्यात आर्मेनियाचा अभिमान बाळगणारा एकच माणूस आहे आणि तो माझा सख्खा मामा आहे. भरवेलीच्या खाणीत त्याची उमर गेली, नागपूरच्या पुढे तो कधी गेला नाही. पण बी.ए.ला इतिहास घेतल्यावर मी परीक्षेसाठी मोठ्याने वाचायची आणि मामा बिडी विझवून ऐकत बसायचा. बाकी राजेरजवाडे त्याच्या कानावरून गेले, हा एवढासा डोंगराळ देश मात्र मनात बसला. तिथले लोक जगात सगळ्यांच्या आधी राजासकट ख्रिस्ती झाले, डोक्यावर किती राज्यं आली नि गेली, पण आपण कोण ते विसरले नाहीत, हे त्याला फार आवडलं. तेव्हापासून टपरीवर धानाची गोष्ट निघो की जावयाची, मामा आर्मेनियाला पोचतोच. एकदा दवाखान्यात सुई टोचणाऱ्या ख्रिस्ती सिस्टरचं त्याने आर्मेनियाबद्दल अभिनंदन केलं. ती बिचारी म्हणाली, "भैया, मैं तो परसवाडा की हूँ." मामा म्हणाला, "हौ, पन मान तर तुमचाच ना," आणि आदराने दुसराही दंड पुढे केला.

यंदा बुद्धपौर्णिमेला आई विहारात रोवण्याचं, म्हणजे धानाची रोपं लावताना म्हणतात ते, गाणं म्हणणार होती. शाळा न पाहिलेल्या माझ्या आईकडे तिच्या आईने दिलेली तेवढी एकच विद्या. पण त्यात शेतातल्या जुन्या देवीचं नाव येतं. विहाराच्या मंडळातला एक तरुण म्हणाला, "काकू, धम्म घेतला ना आपन? मंग हे काहून?" आई खाली बसली.

मामा उठला. "आर्मेनियातले लोक उन्हाळ्यात एकमेकांवर पानी फेकतात. तो जुन्या देवीचा सन होता म्हनतात, आता चर्चचा आहे. म्हनून ते कमी ख्रिस्ती झाले काय बे? पूजा आपन सोडली, बरंच केलं. पन चिखलात कंबर मोडेस्तोवर आमच्या मायनं जे गायलं, ते देवीचं नाही, मायचं आहे."

"मामाजी, इथंबी आर्मेनिया आनलाच तुमी," तो तरुण हसला आणि त्यानेच आईपुढे माइक धरला.

आईने दोन कडवी म्हटली. काय आवाज लागला होता तिचा! तिसऱ्याला मात्र ती अडली. मामा मागून चाल गुणगुणत राहिला. शब्द त्यालाही येत नव्हते.

घरी येईपर्यंत मामा तीच चाल गुणगुणत होता. दाराशी थांबून म्हणाला, "आर्मेनियावाल्याइनं आपली लिपी काढली अन् सारं लिहून ठेवलं. आपल्या घरात लिहिनारी तूच पयली, पोरी. थोडी लवकर याले पाहिजे होतीस."