ओळखपरेडीतली घोंगडी

दमट घोंगडीचा वास आला की अजून माझी मान खाजते. सत्तरच्या दशकात सांगलीला कायदा शिकताना आम्हाला ओळखपरेड बघायला तुरुंगात नेलं होतं. संशयिताच्या वयाचे लोक कमी पडले म्हणून मलाच त्याच्या शेजारी उभं केलं. कपड्यांवरून ओळख पटू नये म्हणून सगळ्यांना गळ्यापर्यंत घोंगड्या गुंडाळल्या. फिर्यादी बाई रांगेवरून सावकाश आली आणि तिनं माझ्याच खांद्यावर हात ठेवला. “ह्योच त्यो! ह्यानंच माझं डोरलं वढलं!” शेजारचा संशयित पुटपुटला, “हलू नगंस गड्या.” घोंगडीआड मी माझेच खिसे चाचपत होतो. पुढं जन्मभर वकिली केली. साक्षीदारानं आरोपीकडं बोट दाखवलं, की माझा हात आपसूक खिशात जायचा.