अण्णांनी न विकलेली चित्रं

लातूरला अण्णांचं फ्रेमचं दुकान होतं. देवांच्या तसबिरींना काचा बसवता बसवता ते नव्या चित्रकारांची चित्रं विकायला लागले. डाळमिलवाले हसायचे, "अण्णा, हे सुलटं हाय का उलटं?" अण्णा चिडायचे नाहीत. चित्र उलटं धरून विचारायचे, "आता सांगा, कसं बरं दिसतंय?"

मी नांदेडच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. नोकरी नवी होती तेव्हा अण्णांकडे तीन चित्रं ठेवली होती. तिन्ही विकली गेल्याचं त्यांनी कळवलं. एक हैदराबादला, दोन पुण्याला. त्या भरवशावर मी वीस वर्षं रंगवत राहिले.

अण्णा गेल्यानंतर वर्षभराने त्यांच्या पत्नीचा, वहिनींचा, फोन आला. घरातली चित्रं, चित्रकारांची पत्रं, जुनी आमंत्रणं, सगळ्याचं प्रदर्शन मांडायचं होतं. "तू ये बाई. मला त्यातलं काय कळत न्हाई."

उन्हाळ्याच्या सुट्टीत गेले. आम्ही दोघी कपाटं उपसत बसलो. एका चित्रकाराने लिहिलं होतं, 'तुम्ही घाई केलीत म्हणून ओलंच पाठवतोय, बोट लावू नका.' त्या पत्राच्या कडेला अण्णांच्या बोटाचा निळा ठसा होता. आम्ही खूप हसलो.

सहाव्या दिवशी दिवाणाखालून चादरीत गुंडाळलेला गठ्ठा निघाला. आत माझी तिन्ही चित्रं.

"वहिनी, ही तर विकली होती ना?"

त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "न्हाई गं. कुणी घेतलीच न्हाईत. त्यांनीच ठेवून घेतली."

"मग मला खोटं का सांगितलं?"

"तू चित्रं काढायचं सोडून देशील म्हणून भ्याले."

मला रडू आलं नाही, राग आला. इतकी वर्षं मी ती चित्रं पुण्यातल्या कुणाच्या तरी दिवाणखान्यात बघत होते. दुपारी जेवले नाही. वहिनींनी समजूत घातली नाही, भाकरी झाकून ठेवली आणि म्हणाल्या, "आवडतात तर भिंतीला लावा की, असं मी बी म्हणले. तर म्हणायचे, ती येती अधूनमधून, बघंल."

संध्याकाळी भाकरी खाल्ली.

प्रदर्शनात तिन्ही चित्रं लावली. खाली माझ्याच हाताने लिहिलं: 'विकली न गेलेली'.

दुसऱ्या दिवशी बाजाराला आलेले देवणीचे एक शेतकरी आत डोकावले आणि त्या तिन्हींतल्या बैलाच्या चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. पांढऱ्या अंगावर काळे डाग असलेला बैल होता.

"शेवरा हाय ह्यो, आमच्या देवणी जातीतला. डोळा बराबर धरलाय. पाठ मात्र लई खोल झाली. कुणी काढलंय?"

"मी."

त्यांनी मला नीट पाहिलं. "मंग या की आमच्याकडं. गोठ्यात जोडी हाय, समोर बसून काढा."

दिवाळीच्या सुट्टीत गेले. बैल काही एका जागी उभे राहीनात. तरी दोन दिवसांत चार चित्रं झाली, आणि मालकांनी चारही पाठी तपासून त्यातल्या दोन पास केल्या.