वेळणेश्वरहून परत

ग्रेसी डिमेलोला गाडी लागायची. लहानपणी वांद्र्याच्या जत्रेला जाताना ती बसमध्ये तोंडाला रुमाल लावून बसे, आणि साठी उलटली तरी टॅक्सीत चढताना पर्समध्ये लिंबू असे. गिरगावातल्या खोताच्या वाडीत ती जन्मली, त्याच वाडीत चार घरं सोडून सासरी आली. नोकरी लागली तीही चालत जाण्यासारख्या अंतरावर, एका औषधकंपनीत टायपिस्टची. तिथूनच रिटायर झाली. माहेर, सासर, चर्च, ऑफिस, सगळं पायाखालचं. तिला त्याचं कधी काही वाटलं नाही.

हौस सगळी नवऱ्याची. एरिक बसच्या वर्कशॉपमध्ये बॉडीफिटर होता. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांचे पत्रे ठोकले, आणि फिरायचं म्हणाल तर वर्षातून एकदा वसईला बहिणीकडे. रिटायर झाल्यावर त्यानं शाळेची एक जुनी मिनीबस भंगारातून उचलली. त्यात घर करायचं, आणि किनाऱ्या-किनाऱ्यानं थेट मालवण गाठायचं, असं त्याच्या मनानं घेतलं. वाडीत समोरासमोर दोन माणसं आली तर एकाला अंग चोरावं लागतं, तिथं बस कुठून शिरणार? त्याचा दोस्त वसंत वडाळ्याला रेल्वे यार्डाच्या भिंतीशी गॅरेज चालवायचा. बस तिथं उभी राहिली, आणि एरिक पुन्हा कामावर लागल्यासारखा सकाळी डबा घेऊन वडाळ्याला जाऊ लागला. त्यानं बाकं उपटली, प्लायचे दोन पलंग ठोकले, पाण्याची टाकी चढवली, शेगडीला ओटा केला. वाडीतली माणसं त्याला, बायबलात प्रलयाआधी तारू बांधणाऱ्या नोहावरून, नोहा म्हणायला लागली.

"काय नोहा, तारू कुठवर आलं?"

"पाऊस पडू दे, मग कळेल तुम्हाला," तो म्हणायचा.

ग्रेसीनं त्या गाडीचे पडदे शिवून दिले. पण शिवतानाच सांगितलं, "मी काही येणार नाही हां. तू वसंतला घेऊन जा."

"बघू गो," एवढंच तो म्हणाला.

गाडी पुरी झाली त्याच वर्षी एरिकला हार्टचा त्रास झाला. परळच्या हॉस्पिटलात दोन ब्लॉक काढले, पण डॉक्टरांनी बाजूला घेऊन सांगितलं, हृदयाचं पंपिंग फार कमी आहे. दगदग नको, लांबचं ड्रायव्हिंग तर अजिबात नको. मुलगा फ्लॉयड मीरा रोडहून रोज येत होता. त्यानं बापाच्या पँटच्या खिशातून बसची चावी काढली आणि आईच्या मुठीत ठेवली.

"मम्मा, ही तुझ्याकडे. त्यांनी कितीही मागितली तरी द्यायची नाही. मला प्रॉमिस कर."

ग्रेसीनं प्रॉमिस केलं.

एरिकनं चावी मागितलीच नाही. त्यानं मागितली असती, आरडाओरडा केला असता, तर ग्रेसी भांडली असती. भांडण तिला जमायचं. पण तो घरी आला आणि सज्जात खुर्ची टाकून बसला. सकाळी बसायचा तो दिवे लागेपर्यंत. दाढी करायचा नाही. वसंत एकदा सांगायला आला, "एरिक, गाडीत उंदीर शिरलेत रे, येऊन बघ." तर म्हणाला, "तूच बघ." नाताळात वाडीभर कंदील लागले, दरवर्षी घराघरातल्या वायरी जोडून देणारा एरिक खाली उतरला नाही. रात्री ग्रेसी त्याच्या श्वासाचा आवाज ऐकत पडायची. हा माणूस जिवंत राहावा म्हणून आपण त्याला खुर्चीत बांधून घातलाय, आणि तो खुर्चीतच संपत चाललाय, हे तिला दिसत होतं. फ्लॉयडला ते दिसत नव्हतं. त्याला रविवारी दुपारी येऊन गोळ्यांचा डबा भरलेला दिसला की बरं वाटायचं.

जानेवारीत एका सकाळी तिनं चहाच्या कपाशेजारी चावी ठेवली.

एरिक किती तरी वेळ चावीकडे बघत राहिला. हात लावला नाही.

"मालवणला जायचंय ना?" ती म्हणाली. "मी पण येते. तुला एकट्याला नाही सोडायची."

"तुला गाडी लागते."

"लागू दे."

फ्लॉयडला तिनं कळवलं नाही.

पहिले दोन दिवस एरिक पुन्हा पहिल्यासारखा झाला होता. अलिबाग गेलं, मुरूड गेलं, खाडीत गाडीसकट फेरीबोटीत चढले तेव्हा तो स्टिअरिंग सोडून खाली उतरला आणि कठड्याला धरून पोरासारखा पाणी बघत राहिला. ग्रेसी घाटाघाटात ओकत होती. तो गाडी थांबवायचा, तिच्या पाठीवरून हात फिरवायचा, बाटली पुढे करायचा, आणि हसायचा. "चाळीस वर्षं झाली लग्नाला, पण तुझं पोट काही माझ्या बाजूचं झालं नाही." हरिहरेश्वरला त्यानं स्वतः शेगडीवर ऑम्लेट केलं. वाटेत भाड्याच्या मोठमोठ्या कॅरॅव्हॅन भेटायच्या, आत एसी, टीव्ही, बाहेर रंगीत दिव्यांच्या माळा. पुण्या-मुंबईची पोरं त्यातून उतरून एरिकची ठोकाठोकीची गाडी बघायला यायची, आणि तो त्यांना फळीन् फळी दाखवायचा.

तिसऱ्या दिवशी दाभोळची खाडी ओलांडली आणि त्याला घाम सुटायला लागला. जानेवारीत, खिडकी उघडी असताना. वेळणेश्वरला पोहोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. सुरूच्या झाडांखाली एक पांढरीशुभ्र भाड्याची कॅरॅव्हॅन आधीच उभी होती. दादरचं जोडपं, सौमित्र आणि शेफाली, बरोबर त्यांची लहान मुलगी. त्यांच्या शेजारी एरिकनं गाडी लावली. गावातली रखमा टोपली घेऊन फिरत होती. तिच्याकडून ग्रेसीनं बांगडे घेतले, पण शेगडी पेटेना.

"तुला कधी काही जमलंय?" एरिक ओरडला. असं तो कधी बोलत नसे.

शेवटी शेफालीनं त्यांच्या शेगडीवर बांगडे तळून दिले. एरिकनं ताटाला हात लावला नाही. समुद्र समोर, हाकेच्या अंतरावर होता. तो वाळूत उतरलासुद्धा नाही. ड्रायव्हरच्या सीटवर बसून राहिला, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"एरिक, चल, इथून डॉक्टरकडे जाऊ. माझं ऐक."

"उद्या मालवण."

"तुझा चेहरा बघ आरशात."

"चावी तूच दिलीस ना?" तो म्हणाला. "मग आता गप्प बस."

ती गप्प बसली. त्याला धरून पलंगापर्यंत नेलं, बूट काढले, अंगावर चादर घातली. पहाटे जाग आली तेव्हा तिनं सवयीनं त्याचा श्वास ऐकायचा प्रयत्न केला. बाहेर लाटांचा आवाज एवढा होता की काही कळेना. मग तिनं हात लावला.

ती बराच वेळ त्याच्या पलंगाच्या कडेला बसून राहिली. त्याच्या कपाळावर क्रूस काढला, कानाशी वाकून प्रार्थना म्हटली. मग उतरून शेजारच्या गाडीचं दार वाजवलं.

सौमित्र लगेच आला. त्यानंच फोन लावून सरकारी दवाखान्यातला डॉक्टर बोलावला. डॉक्टर तरुण होता, भला होता. त्यानं तपासलं, जुनी फाइल वाचली, दाखला दिला. आमची गाडी पेशंटसाठी आहे, मयताला देता येत नाही, असं त्यानं खाली बघून सांगितलं. शववाहिनी चिपळूणहून यायची, तीही उद्या. डॉक्टरला सोडून ग्रेसी वळली तेव्हा पांढरी कॅरॅव्हॅन गेली होती. मुलगी घाबरलीय, असं शेफाली मघाशी म्हणालीच होती. ग्रेसीच्या गाडीच्या पायरीवर पाण्याच्या दोन बाटल्या आणि बिस्किटांचा पुडा ठेवलेला होता.

मग तिनं फोन लावला.

"फ्लॉयड, पप्पा गेले."

"काय? कुठे? घरी?"

"वेळणेश्वरला."

"ते कुठेय?"

"गुहागरच्या पुढं."

मग तो म्हणाला, "मी निघतो," आणि पुन्हा म्हणाला, "पण मला यायलाच रात्र होईल."

रखमा टोपली बाजूला ठेवून सुरूखाली बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती उठून जवळ आली.

"बाय, उद्यापर्यंत ठेवता यायचा नाय ओ. तुमची गाडी हाय ना? तिच्यातनंच न्या."

"मला चालवता येत नाही."

"माझा भाऊस हाय. तुळशीदास. मुंबैला म्हावऱ्याचा टेम्पो नेतो. त्याला रस्ता ठाव हाय."

तुळशीदास आला तो टेम्पोत बर्फ घालूनच. मासळीसाठी ठेवलेल्या बर्फाच्या लाद्या त्यानं दगडानं फोडल्या, गोणपाटात बांधल्या. रखमानं आणि ग्रेसीनं मिळून एरिकला पुसलं, त्याच्या बॅगेतला धुतलेला शर्ट घातला. मग गोण्या त्याच्या दोन्ही अंगाला, पायाशी, मानेशी लावल्या. बर्फाला मासळीचा वास होता. ग्रेसीला फक्त एवढंच वाटलं की त्याला थंडी सोसत नाही.

फ्लॉयडला तिनं कळवलं की येऊ नकोस, घरीच थांब. गाडी निघाली. ती पलंगाच्या कडेला जमिनीवर बसली, एक हात एरिकच्या अंगावर ठेवून, वळणावर तो घसरू नये म्हणून. चिपळूणच्या पुढं बर्फाचं पाणी प्लायवरून तिच्या मांडीवर ठिबकायला लागलं. साडी भिजली. आज तिला गाडी लागली नाही. हे तिच्या लक्षात आलं, आणि त्याची तिला शरम वाटली.

माणगावच्या अलीकडे तुळशीदासनं चहाला गाडी घेतली. तो सकाळपासून उपाशी होता. ग्रेसी दारात येऊन उभी राहिली, वाऱ्याला. शेजारच्या मोटारीतून एक कुटुंब उतरलं, आजोबा, त्यांचा मुलगा, सून. मुलगा कौतुकानं पुढे आला.

"काकू, कॅरॅव्हॅन ना? घरीच बनवलीय वाटतं! भारीच. आम्हीपण घ्यायचं म्हणतोय. जरा आतून बघू का?"

"नको."

"दोन मिनिटं फक्त. बाबांना दाखवतो. आत बेड पण आहे का?"

"आत माणूस झोपलाय," ग्रेसी म्हणाली.

"सॉरी, सॉरी." तो दबक्या आवाजात म्हणाला आणि बायकोला खूण केली, हळू बोल. आजोबांनी खिडकीच्या पडद्याकडे पाहून हात जोडले. त्यांना वास आला असावा, किंवा पायरीवरून ओघळणारं पाणी दिसलं असावं. तुळशीदासनं अर्धा चहा तसाच ठेवला आणि गाडीत येऊन बसला.

गिरगावात पोहोचेपर्यंत अंधार पडला होता. फ्लॉयड, त्याची बायको मेलानी आणि वाडीतली पंधरावीस माणसं नाक्यावर उभी होती. गाडी गल्लीत शिरणार नव्हती. एरिकला चादरीत घेऊन तिथून खांद्यावर आणावं लागलं. वसंतनं डोक्याची बाजू धरली होती आणि तो मोठ्यानं रडत होता. फ्लॉयड रडला नाही. सगळे पुढे गेल्यावर त्यानं आईला थांबवलं.

"चावी त्यांनी शोधून काढली का?"

"नाही," ग्रेसी म्हणाली. "मी दिली."

त्यानं तिच्या ओल्या साडीकडे पाहिलं आणि तो चालायला लागला.

शिवडीला दफन झालं. चर्चमध्ये फ्लॉयड आईच्या शेजारी बसला, कारण लोक बघत होते. तिच्या खांद्याला खांदा लागू नये इतपत जागा त्यानं मध्ये सोडली होती.

गाडी पुन्हा वडाळ्याला वसंतकडे गेली. पाण्यानं पलंगाचा प्लाय फुगला, आतला वास जाईना. ग्रेसीला वाटलं, तुळशीदासला द्यावी, त्याच्या उपयोगी पडेल. तिनं फोन केला. तो अवघडून म्हणाला, "बाय, तुमचा मन मोठा हाय. पन त्यात मानूस गेला. आमच्या गावात त्यात कोन बसायचा नाय." भंगारवाल्यानं येऊन जागेवरच गॅस कटरनं तिचे तुकडे केले. ग्रेसी बघायला गेली नाही. वसंत पडदे धुऊन घेऊन आला होता; तिनं ते घेतले आणि पायपुसणी केली.

एरिकसाठी चर्चमध्ये महिन्याची मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, झाल्यावर फ्लॉयड एकटाच घरी आला. मेलानीला त्यानं खालूनच पाठवून दिलं. ग्रेसीनं जेवायला वाढलं. त्यानं मान खाली घालून अर्धं जेवण संपवलं, मग हात थांबवला.

"मम्मा, एक सांग. खरं सांग. पप्पा तिकडे खूश होते?"

हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं. सगळे तिला तेच सांगत होते, फादर, वसंत, वाडीतल्या बायका: निदान त्याची इच्छा पुरी झाली, आनंदात गेला. ती मान हलवत होती. आता समोर पोरगा बसला होता, डोळे लाल, भाताचा हात ताटावर तसाच. हो म्हणाली असती तर त्याचं ओझं उतरलं असतं, कदाचित तिचंही.

"दोन दिवस होता," ती म्हणाली. "खूप खूश होता. तिसऱ्या दिवशी नव्हता. त्याला दुखत होतं. माझ्यावर ओरडला. मालवण दिसलंच नाही त्याला."

"मग कशाला दिलीस?" फ्लॉयडचा आवाज फाटला. "कशाला दिलीस मम्मा?"

"तू रविवारी यायचास. मी रोज त्याला त्या खुर्चीत बघत होते."

"जिवंत होते ते!"

"होता."

तो उठला. ताट मोरीत नेऊन ठेवलं, हात धुतले. दाराशी थांबला, वळला नाही. "गोळ्या आणायच्या असतील तर व्हॉट्सॲप कर," म्हणाला आणि जिना उतरला.

तो येतो अजून. महिन्यातून एकदा, रविवारी. औषधं, फळं टेबलावर ठेवतो, गॅस संपला का विचारतो, चहा घेत नाही. नातीला, जोॲनाला, तो बरोबर आणत नाही. चर्चमधल्या तिच्या पहिल्या कम्युनियनच्या विधीला ग्रेसी आपली आपण टॅक्सी करून मीरा रोडला गेली. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसली, पांढऱ्या झग्यातली नात तिनं लांबून पाहिली. मिस्सा संपल्यावर फ्लॉयडनं तिला पाहिलं. तो गर्दीतून तिच्याकडे आला, आणि म्हणाला, "जेवून जा." जेवताना तिला पाहुण्यांच्या टेबलावर बसवलं होतं.