‘सॅलरी’ची व्युत्पत्ती आणि शास्त्रीबुवा

“‘सॅलरी’चा मिठाशी संबंध काय?” हेडमास्तरांनी विचारलं. त्यांच्यासमोर माझी टाचणवही उघडी होती.

मी संबंध सांगितला. लॅटिनमध्ये मिठाला ‘साल’ म्हणतात. रोमन शिपायांना म्हणे मिठासाठी पैसे मिळत. त्यावरून पुढे पगारालाच ‘सॅलरी’ म्हणू लागले. शाळेच्या लायब्ररीतल्या जाड कोशात मी स्वतः वाचलं होतं.

“आणि हे वर्गात सांगायला हाच आठवडा सापडला?”

मिठाच्या सत्याग्रहाचं वर्ष होतं ते. किनाऱ्यावर लोक मीठ करत होते आणि पकडले जात होते. माझ्या मॅट्रिकच्या वर्गात एकाने उठून विचारलं, “म्हणजे सर, सरकार स्वतः मिठाचे पैसे वाटतं, आणि आपण मीठ केलं की धरतं?” वर्गाने टाळ्या वाजवल्या. मीही हसलो. तिसऱ्या दिवशी तक्रार वरपर्यंत पोचली. आमची शाळा ग्रँटवर, म्हणजे सरकारी मदतीवर चालायची.

टाचण म्हणजे उद्या काय शिकवणार ते आज लिहून ठेवायचं. शनिवारी हेडमास्तर त्यावर सही करत. वाचत नसत. या पानावरही त्यांची सही होती, त्यामुळे घाम त्यांनाही फुटला होता.

“हे तुम्हाला कोणी सुचवलं?” ते आवाज उतरवून म्हणाले. “कोणीतरी सुचवलं असेलच की.”

त्यांना कोणाचं नाव हवंय ते मला कळलं. शास्त्रीबुवा आमचे संस्कृतचे शिक्षक. खादी वापरत, मोकळ्या तासाला टकळीवर सूत काढत. मी प्रोबेशनवर होतो. दोन वर्षं निभावली की नोकरी कायम, नाहीतर घरी. घरी आईवडील आणि लग्नाच्या दोन बहिणी.

“शास्त्रीबुवांशी बोलता बोलता निघालं,” मी म्हणालो.

बुवांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. मस्टरवर ते सही मोडीत करत. हे मला ठाऊक होतं, हेडमास्तरांनाही ठाऊक होतं. तरी त्यांनी मान डोलावली आणि माझं वाक्य लिहून घेतलं. खाली सही मी केली. ती मी झटकन केली, याची मला आजही लाज वाटते.

आठवडाभरात बुवांनी ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ राजीनामा दिला. प्रकृती ठणठणीत होती. ते हेदवीला आपल्या घरी निघाले, त्या दिवशी मी त्यांची गाठ चुकवून मागच्या पाखाडीच्या पायऱ्या चढून शाळेत गेलो. पुढच्या वर्षी कायम झालो.

सहा वर्षांनी धीर केला. जयगडची खाडी ओलांडून हेदवीला पोचलो. बुवा अंगणात सुपाऱ्या वाळत घालत होते. अंगाने पार वाळले होते.

“बसा हो मास्तर. आधी ताक घ्या.”

मी बोलायला लागलो आणि अडखळलो. त्यांनीच हात वर केला.

“ते राहू दे. तुम्ही माझं नाव घेतलंत हे हेडमास्तरांनी तेव्हाच सांगितलं होतं. मला एक सांगा. तो शब्द कुठला होता हो? मला कोणी सांगितलाच नाही. आणि इथे इंग्रजी जाणणारं आहे कोण?”

मी शब्द सांगितला. अर्थ सांगितला. मिठाचंही सांगितलं. त्यांनी तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला, नवा विद्यार्थी उच्चारतो तसा.

“पगार होय,” ते म्हणाले. मग अगदी आपुलकीने विचारलं, “तुमचा चालू आहे ना?”

“आहे,” मी म्हणालो. मान वर करवेना.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षं इंग्रजी शिकवलं. धडा एवढाच, की ‘हे कोणी सुचवलं?’ असं कोणी विचारलं तर आपलं नाव सांगावं. लगेच सांगावं. सहा वर्षांनी सांगायला गेलं तर समोरचा ताक देतो, आणि ते प्यावं लागतं.